मुलीच्या घरचं पाणी

"तुमचं काय बाई, चौपाटी दाराशी!" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय, की ते कुणी उच्चारलं की माझा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. चौपाटी म्हणजे खडकवासल्याची. पुण्याला समुद्र नाही, म्हणून पुणेकरांनी धरणाच्या काठालाच चौपाटी म्हणायचं ठरवलं, आणि पुणेकरांनी एकदा ठरवलं की विषय संपला. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, त्यावर भेळवाले आणि कणसं भाजणाऱ्या बायका बसतात आणि अख्खं शहर तिकडे लोटतं. लोकांनी जावं, पाय बुडवावेत, माझी काही ना नाही. अडचण एवढीच होती की माझं सासर त्या रस्त्यावर होतं.

सिंहगड रस्त्याने धरणाकडे निघालं की वाटेत धायरी फाटा लागतो. तिथून आत धायरी. आता तिथे इमारतींना इमारती चिकटल्यात, पण मी सून म्हणून आले तेव्हा ते गावच होतं. पुढे अंगण, बाजूला गोठा, मागे वांग्याचे आणि मेथीचे वाफे, आणि शेताच्या कडेने कालवा. धरणातून निघून तो पुण्याकडे जायचा. आजेसासऱ्यांची बरीच जमीन त्या कालव्यात गेली होती, त्यामुळे घरात लग्नाचा विषय निघो की बैलाचा, बोलणं शेवटी कालव्यात जाऊन पडायचं. आणि गंमत बघा, शेतातून भरभरून पाणी वाहतंय आणि मे महिन्यात आमची विहीर कोरडी. पाणी पुण्याला आणि हंडे आमच्या डोक्यावर.

नवरा हडपसरला कारखान्यात पाळीवर जायचा. रविवारी एकतर कामावर, नाहीतर झोपेत. माणूस वाईट नव्हता, पण तो घरात आहे की नाही हे त्याच्या चपलांवरूनच कळायचं. सासरे मी येण्याआधीच गेले होते. घर होतं सासूबाईंचं, आणि सासूबाईंचं घर म्हणजे उघडं दार. उन्हाळ्याच्या रविवारी हडपसरचे, खराडीचे, कुठकुठले पाहुणे धरणावर जायला निघत, आणि जाताना आमच्याकडे 'जरा टेकत'. टेकले की चहा. चहा झाला की सासूबाई म्हणणार, आता आलाच हायसा तर भाकरी खाऊनच जावा. मग भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. मग मंडळी टेम्पोत बसून धरणावर. संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन परत, कारण पोरांना हातपाय धुवायला घर लागतं ना. ते पाणी मी आणलेलं. आणि पाण्यात खेळून आलेल्याला भूक किती लागते, ते मी कुणाला सांगू?

मी वाढले पेठेत. आमच्याकडे पाहुणा आला की "जेवूनच आला असाल ना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता पाण्याचा तांब्या पुढे करत. पेठेतली माणसं दुष्ट नसतात, वेळ बघून वागतात. त्या घरातून मी थेट अशा घरात पडले, जिथे अनोळखी माणूस रस्ता विचारायला आला तरी जेवून जायचा. सासूबाईंच्या मनाचा मोठेपणा मला मान्यच होता. फक्त तो मोठेपणा माझ्या हातांनी थापावा लागायचा. चूल, तवा, परात आणि एक वीतभर खिडकी, जिच्यातून कालव्याचा काठ दिसायचा. धरण तिथून हाकेवर म्हणत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सरलं तरी मी त्या पाण्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता.

आता बाबांविषयी. आई माझ्या लग्नाआधी वर्षभर गेली. मी एकुलती एक. बाबा एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि खानावळीत जेवायचे. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते ऐकणाऱ्याला दोन दिवस टोचत राहायचं. आणि बाबांना नियम होते. त्यातला एक असा: मुलगी दिली की तिच्या घरचं अन्न आणि पाणी बंद. तिला मूल होईपर्यंत. हा काही त्यांनी शोधलेला नियम नाही, जुन्या लोकांत तो होताच. पण बहुतेक घरांतून तो केव्हाच सैल झाला होता. सासूबाईंचे वडील तर म्हणे लेकीच्या लग्नानंतर महिन्याभरात येऊन मटण-भाकरी खाऊन गेले होते. बाबा मात्र ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या वडिलांनी पाळला, आजोबांनी पाळला, आता मी मोडू का, असं म्हणायचे.

आता सांगा, सासूबाईंच्या घरात न जेवता, पाणी न पिता कोणी येऊ शकतं का? बाबा लग्नानंतर एकदा आले. अंगणातच उभे राहिले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, बाबांनी हात जोडले. सासूबाईंचा चेहरा असा उतरला की जणू कुणी तोंडावर दार लावलं. त्या बिचाऱ्या नियम जाणत होत्या, तरी भरलेला तांब्या त्यांना तसाच परत आत न्यावा लागला. बाबांच्या ते लक्षात आलं. त्यानंतर ते घरी आले नाहीत.

मग तोड निघाली ती बाबांनीच काढलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारच्या बसने ते स्वारगेटहून निघत, धायरी फाट्यावरून आमच्या घराकडे न बघता पुढे जात आणि खडकवासल्याला उतरत. चौपाटीच्या रस्त्याला जो दगडी कठडा आहे, त्याच्यावर कणसंवालीच्या शेजारी बसत. पांढरा सदरा, काळी छत्री, हातात बेकरीतल्या क्रीमरोलची पिशवी. क्रीमरोल मला लहानपणापासून आवडायचा. मी काम आवरलं की मिळेल त्या बसने जायचं, त्यांच्याजवळ बसायचं, दोघांनी एकेक क्रीमरोल खायचा, आणि अंधार पडायच्या आत ते पुण्याकडे आणि मी धायरीला. मी त्यांच्यासाठी काही नेलं तर ते खायचे नाहीत, कारण अन्न त्याच घरचं. म्हणजे बाप लेकीला खाऊ घालणार, लेक बापाला घोटभर चहासुद्धा पाजू शकणार नाही. पण तेवढ्यासाठी मी महिना काढायची. थंडीत पाहुणे नसत, मग तासभर मिळायचा. तेव्हा पहिल्यांदा मी पाण्यात पाय सोडले. बाबा म्हणाले, घसरशील. त्यांचं प्रेम याच भाषेत असायचं.

सासूबाईंनी कधी अडवलं नाही. हातचं आवरून जा, एवढंच म्हणायच्या. पण उन्हाळ्यात हातचं आवरतच नाही, तिथेच तर सगळी मेख.

आणि एक गोष्ट कोणी तोंडाने बोलत नव्हतं, पण ती त्या कठड्यावर बाबांच्या शेजारी बसलेली असायची. नियम होता मूल होईपर्यंतचा. लग्नाला वर्षं होत चालली होती. पाहुण्या बायका भाकरी मोडता मोडता माझ्या पोटाकडे बघायच्या आणि विचारायच्या, वडील अजून जेवत नाहीत का हो तुमच्याकडे? जेवत नाहीत म्हणजे काय, हे सगळ्यांना कळायचं. मला एकच गोष्ट हवी होती. खानावळीतलं ते पाणीदार वरण खाऊन वाळलेल्या माझ्या बापाने एकदा माझ्या दारातून आत यावं, पाटावर बसावं आणि मी तव्यावरून काढलेली गरम पोळी त्यांच्या ताटात टाकावी. राजवाडा मागत नव्हते मी. पण त्यांच्या नियमाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पोटात नव्हती.

तर त्या मे महिन्यातला पहिला रविवार. सकाळपासून एक टेम्पोभर पाहुणे आले, ते जेवतात तोवर दुसरा टेम्पो. त्या दुसऱ्यात माझी नणंद, तिचे यजमान आणि त्यांच्या घरची सगळी. मी भाकऱ्या थापतेय आणि डोळा खिडकीतल्या उन्हावर. ऊन काठाच्या त्या बाजूला गेलं म्हणजे बाबांची बस फाट्यावरून गेली. मग मंडळी धरणावर निघाली. मी हात पुसत बाहेर आले आणि नणंदेला म्हटलं, मला पण टेम्पोतून सोडा, बाबा वाट बघत असतील. ती म्हणाली, अगं जागा कुठाय, आणि आम्ही येईपर्यंत संध्याकाळचं बघायला नको का? सासूबाई भांड्यांच्या ढिगाकडे बघत होत्या. मी नणंदेच्या यजमानांना सांगितलं, कठड्यावर कणसंवालीशेजारी पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ दिसतील, त्यांना सांगा मी येतेय, उशीर होईल.

टेम्पो गेला. मी भांडी घासली. हंडा घेऊन शेजारच्या विहिरीवर गेले, कारण आमची कोरडी. परत आले तर दोन स्कूटरवरून आणखी चौघं टेकायला. पुन्हा चहा. पुन्हा परात. बाहेर मोकळं शेत, कालवा, रस्ता, सगळं दिसतंय, पायाला दोरी नाही, दाराला कडी नाही, तरी हलता येत नाही. गोठ्यातल्या गाईला निदान दावं दिसतं तरी.

दिवस कलता कलता टेम्पो परत आला. पोरं चिखलाने माखलेली, भूक भूक करत. नणंदेचे यजमान ओसरीवर टेकले आणि हसत हसत सांगू लागले, की भेटले बुवा तुमचे वडील, फार ताठ माणूस, आम्ही भेळ घ्या म्हटलं तर हात जोडले, गाडीत बसा फाट्यापर्यंत सोडतो म्हटलं तर म्हणाले, मुलगी येणार आहे. मी विचारलं, अजून तिथेच आहेत? ते म्हणाले, आम्ही निघालो तेव्हा तिथेच होते की. कणसंवाली सुद्धा उठली होती.

तव्यावर भाकरी होती. ती मी तशीच ठेवली. हात धुतले नाहीत, पदर खोचलेला सोडला नाही, कुणाला विचारलं नाही. चालत सुटले. मागून नणंदेचा आवाज आला, सासूबाईंचा नाही आला. फाट्यावर दोन बसगाड्या भरून न थांबता गेल्या, मग वडाप मिळालं. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. तिच्यात मी कुणाच्या तरी कोंबड्याच्या पाटीशेजारी अंग चोरून बसले आणि सगळ्या रस्त्याने धुमसत होते. सासूबाईंवर, नणंदेवर, नवऱ्यावर. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बाबांवर.

काठ रिकामा होत आला होता. बाबा होते. छत्री मिटून मांडीवर आडवी ठेवलेली. म्हणाले, "आलीस. क्रीमरोल वितळला."

दुपारपासून उन्हात बसून त्यांचे ओठ सुकले होते. मी म्हटलं, निघून का नाही गेलात, निदान खानावळ बंद व्हायच्या आत पोचला असता. ते म्हणाले, रविवारी संध्याकाळी खानावळ बंदच असते. मला हे माहीत असायला हवं होतं. पेठेत वाढलेय मी, खानावळीच्या दारावरची पाटी लहानपणापासून बघतेय, रविवार संध्याकाळ बंद. आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही, की दर महिन्याला हा माणूस मला भेटून घरी जातो आणि उपाशी झोपतो. विचारलं, मग काय खाता? तर म्हणाले, केळी असतात.

बास. माझं डोकं फिरलं. त्यांच्यापुढे मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता.

"बाबा, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?"

"महापालिकेचं."

"आणि महापालिकेकडे कुठून येतं?"

बाबांनी समोर पाण्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. म्हटलं, "इथून निघतं आणि आमच्या शेतातून जातं. माझ्या सासरच्यांची जमीन गेलीय त्या कालव्यात. तुम्ही रोज उठून माझ्या सासरचं पाणी पिता. त्याचाच चहा करता, त्यानेच अंघोळ करता, तेच देवाला घालता. सगळं चालतं. फक्त मी तांब्यातून दिलं तर चालत नाही."

आणि मग मी रडले. रस्त्यावर, चारचौघांत, पिठाच्या हातांनी डोळे पुसत. म्हटलं, मला मूल होत नाही यात माझा काय गुन्हा? मला शिक्षा करताय ती करा, स्वतःला का उपाशी मारताय?

बाबा पिशवीची घडी घालत राहिले. शिक्षा हा शब्द त्यांना लागला होता, ते दिसत होतं. नियम पाळताना तो माझ्या अंगावर कसा पडतो, हे त्यांनी मोजलंच नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पुढच्या रविवारी जेवायला येतो. त्यांना सांग."

परत आले तेव्हा मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. तसं काही झालं नाही. सासूबाईंनी उरलेल्या भाकऱ्या स्वतः थापून पाहुणे वाटेला लावले होते. भांडी मात्र माझ्यासाठी ठेवली होती. मोरीपाशी येऊन म्हणाल्या, बाप दिसभर उन्हात उपाशी बसलेला हाय ते आधी बोलायचं, असलं पाप या घराला नको. म्हटलं, ते रविवारी जेवायला येणार आहेत. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग माझ्या हातातलं पातेलं त्यांनी घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली.

त्या रविवारची तयारी मी आठवडाभर करत होते. सासूबाईंनी सांगून टाकलं, व्याही पहिल्यांदा जेवायला येणार, म्हणजे आमरस, पुरणपोळी, कुरडया, सगळं व्हायला पाहिजे. मला केवढा आनंद झाला होता. नवऱ्याने सुद्धा पाळी बदलून घेतली. आंबे मी स्वतः पिळले. पेठेत आई असताना आम्ही रस करायचो, तेव्हा कोयी चोखायला बाबा बसायचे, हे मला आंबे पिळताना आठवत होतं. मी ठरवलं होतं की वाढायला मीच जाणार.

पण सासूबाईंना एवढा मोठा दिवस एकट्याने साजरा करवेना. त्यांनी हडपसरकडच्यांनाही सांगितलं, व्याही येणार हाएत, तुमी पण या. झालं. टेम्पो आला. मला वाटतं निम्मे लोक बाबांना बघायला आले होते, इतकी वर्षं न जेवलेला माणूस जेवतो कसा ते. ओसरीवर पंगत बसली. बाबांना मधोमध पाट, रांगोळी. मला फक्त आवाज येत होते. सासूबाई आग्रह करतायत, नवरा रसाची वाटी पुढे करतोय, नणंदेचे यजमान पेठेतल्या पाट्यांबद्दल विचारतायत आणि बाबा काहीतरी तिरकं बोलतायत, कारण सगळे हसले. मी आत पुरणपोळी लाटतेय. एक गेली की दुसरी, गरम पाहिजे ना. एकदा मी पोळी घेऊन उठले, तर नणंद दारातच ताट घेऊन उभी, म्हणाली, दे इकडे, तू तव्याकडे बघ, करपेल.

बाबा हात धुवायला मागे मोरीकडे गेले, तेव्हा येताना स्वयंपाकघराच्या दारात थांबले. त्यांनी माझं स्वयंपाकघर पहिल्यांदा बघितलं. धूर, तीन बायका, पिठाची परात, ती वीतभर खिडकी. मी घामाने निथळत होते. त्यांनी विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, हो, पोळी आणू अजून? ते म्हणाले, नको. आणखी काही बोलणार होते बहुतेक, पण मागून कुणीतरी हाक मारली. मग पाहुणे त्यांना आग्रह करकरून टेम्पोत घेऊन गेले, चौपाटी दाखवायला. बाबांना चौपाटी! तिथूनच त्यांनी पुण्याची बस धरली. मी मोरीत बसून त्यांचं ताट घासलं. ताटात काहीही टाकलेलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा रस काढून ठेवला होता. म्हटलं, आता नियम मोडलाच आहे, तर येतील घरी. दुपार टळली तरी पत्ता नाही. धरणावरून परतलेले एक पाहुणे सहज बोलून गेले, तुमचे वडील कठड्यावर बसलेत की हो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण एवढंच म्हणाल्या, भांडी राहू दे, आधी जाऊन ये, म्हातारं मानूस उन्हात बसलंय.

मी तणतणत गेले. इतकं सगळं झाल्यावर पुन्हा हेच? बाबा तिथेच, तीच छत्री, तीच पिशवी. मी बसलेसुद्धा नाही. विचारलं, आता काय कमी पडलं आमच्याकडे?

"जेवण उत्तम होतं," बाबा म्हणाले. "रस तर फारच छान. पण मी आत आलो की तू आत राहतेस. मी इथे बसलो की तू बाहेर येतेस. मला हेच बरं."

मी म्हटलं, आणि मी त्यांना काय सांगू? ते म्हणाले, सांग की म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं, प्रायश्चित्त म्हणून नियम परत सुरू केलाय. मग क्रीमरोल माझ्या हातात दिला. मी खानावळीचं विचारलं, तर म्हणाले, आता परत जाताना कणीस खातो, कणीस सरकारी जमिनीवर भाजलेलं असतं, त्याला नियम नाही.

सासरी व्हायचं ते झालंच. पेठेतला ताठा, आमचं अन्न गोड लागलं नसेल, एक ना दोन. सासूबाईंना ते टोचलं आणि शेवटपर्यंत टोचत राहिलं, हे मला कळत होतं आणि खरं कारण मी त्यांना कधी सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला बाहेर बसवून स्वतः चूल फुंकली असती, किंवा दुखावून दार लावून घेतलं असतं, दोन्ही मला नको होतं. पण एक झालं. पहिल्या रविवारी कितीही टेम्पो येवोत, त्या म्हणायच्या, जा बाई, वाट बघत असतील. बाकीचे रविवार माझे नव्हते, तो एक होता.

पुढे बऱ्याच उशिरा मला मुलगी झाली. सासूबाईंनी पेढ्यांबरोबर निरोप पाठवला, आता सुटले तुमचे सगळे नियम, जेवायला या. मला वाटलं, गेला माझा रविवार. आनंदाच्या दिवसांत असं वाटू नये, पण वाटलं. बाबांनी उलट निरोप पाठवला की आपण कळवलंत, फार आनंद झाला, मात्र आमच्या घराण्यात नियम नातू होईपर्यंत आहे, नात झाल्यास लागू राहतो. सासूबाई भडकल्या. नातीला नात मानत न्हाई व्हय, म्हणाल्या. नवरासुद्धा चिडला, त्याला मुलीचं फार कौतुक होतं. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. आमच्या घराण्यात असलं काही कलम कधीच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पहिल्या रविवारी मी मुलीला कडेवर घेऊन कठड्यावर गेले. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, छत्री तिच्यावर धरली आणि क्रीमरोलमधलं साय-साखरेसारखं क्रीम बोटाने तिच्या ओठांना लावलं. मला दुसरं मूल झालं नाही. बाबांचा नियम त्यामुळे शेवटपर्यंत टिकला. माझ्या घरी ते एकदाच जेवले, आणि त्या दिवशी आमची भेट झाली नाही.